दुधाचा बाप्तिस्मा

आमच्या गोठ्याच्या उंबऱ्यावर कुणी पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं, असा घरात दंडक होता. उंबरा चांगला दीड हात रुंद. दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या, अंगणात इंग्लंडातल्या आमच्या डेव्हन परगण्याचा लाल चिखल आणि त्यावर ही ढांग. माझं वय काही ढांगा टाकायचं नव्हतं. तरी मी टाकायचे, कारण खाली पर्नेल होती.

पर्नेल माझ्या भावाची मुलगी. माझा भाऊ गॉवेन गावचा गवंडी, त्याची बायको थॉमझिन, आणि मी विल्मट, गॉवेनची थोरली बहीण. नवऱ्याला समुद्रानं गिळल्यावर मी माहेरी परत आले आणि गाईगुरं सांभाळू लागले. थॉमझिनचं माझ्याशी कधी वाजलं नाही असं नाही, पण नणंद-भावजयीत जेवढं वाजावं त्याच्या निम्मंच वाजलं.

ती शिळा मुळात उंबऱ्याची नव्हेच. ती आमच्या चर्चची वेदी. पणजोबांच्याही आधीपासून तिच्यावर मिस्सा, म्हणजे भाकर आणि वाइनची प्रभुभोजनाची उपासना, होत आलेली. चार कोपऱ्यांत चार क्रूस कोरलेले आणि मधोमध पाचवा. खारवायच्या कुंडात मीठ मुरतं तशी इतक्या वर्षांची प्रार्थना त्या दगडात मुरली आहे, असं आमच्या बायका म्हणायच्या. पुढच्या कडेला मुठीएवढा खळगा होता आणि त्यात कुणा संताच्या हाडाचा कण ठेवून वर दगडी झाकण बसवलेलं होतं. पाद्री मिस्साच्या वेळी तिथंच ओठ टेकवायचे.

मग तो पोरगा राजा गादीवर आला. मिसरूड फुटलेलं नाही, पण त्याच्या नावानं दरबारातले मोठे लोक फर्मानांमागून फर्मानं काढू लागले. मूर्ती काढा. मेणबत्त्या विझवा. लॅटिन बंद. मेलेल्यांसाठी प्रार्थना करू नका, ती पोचत नाही. शेवटी वेदीवर आले. दगडी वेदी फोडा, लाकडी टेबल मांडा.

गावात गवंडी एकच, त्यामुळे काम गॉवेनच्याच गळ्यात पडलं. राजाचा माणूस समोर उभा राहिला आणि त्यानं आधी खळग्याचं झाकण उचकटायला लावलं. आतला कण तळहातावर घेतला, नाक मुरडलं आणि फुंकर मारून उडवून दिला. गॉवेननं घरी येऊन आम्हाला हे सांगितलं.

"आता फोड शिळा," तो माणूस म्हणाला होता.

"फोडायला आठवडा जाईल, सरकार, आणि माझ्या छिन्न्यांचं वाटोळं होईल ते वेगळंच," गॉवेन म्हणाला. "त्यापेक्षा गोठ्याला उंबरा घालतो. गाई येता-जाता शेणानं सारवतील."

राजाचा माणूस खो खो हसला आणि म्हणाला, ने. माझा भाऊ वर्षाकाठी एखादाच विनोद करायचा. त्या वर्षीचा त्यानं शिळा वाचवण्यात खर्च केला. थॉमझिन त्याच्यावर भारी खूश झाली. ती जुन्या धर्माची इतकी पक्की की जपमाळ काढून घेतील म्हणून पिठाच्या पेटीत लपवून ठेवायची आणि भाकरी मळता मळता जप उरकायची.

शिळा अजून अंगणात उताणी पडली होती तेव्हाच थॉमझिन दिवस भरायच्या आधी बाळंत झाली. मी गिरणीवर गेलेले, गॉवेन कामावर. ती एकटी धार काढत होती आणि गोठ्यातच सगळं उरकलं. पोर निळं पडलेलं. दोनदा ओठ हलले, बस. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की जीव जाऊ घातलेल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे. पण विहीर अंगणाच्या पार टोकाला, आणि थॉमझिनला उठता येईना. हाताशी होती ती दुधाची बादली. तिनं ओंजळ भरून दूध घेतलं, त्या एवढ्याशा डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, "पर्नेल, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते."

मी परतले तेव्हा पोर तिच्या मांडीवर होतं, केसांना दूध सुकून चिकटलेलं.

पाद्रीबाबा हिलरी आले. माणूस वाईट नव्हता. पण वारा येईल तशी पाठ फिरवायचा. नव्या राज्यात पाद्र्यांना लग्नाची मुभा मिळाली तशी लगोलग लग्न करून मोकळा झालेला.

"दूध?" त्यांनी विचारलं.

"धारोष्ण होतं, पाद्रीबाबा. स्वच्छ भांड्यातलं."

"थॉमझिन, बाप्तिस्मा पाण्याचाच होतो. दुधाचा होत नाही, बिअरचा होत नाही. मी काय करू?"

"दुधात पाणी असतंच की," मी म्हणाले. "आमच्या गाईच्या तर जास्तच." कुणी हसलं नाही, आणि माझं मलाच वाईट वाटलं.

"मग माझी पोर गेली कुठं?" थॉमझिननं विचारलं. "स्वर्गात नाही, नरकात नाही. आधी तुम्ही सांगायचात की अशा बाळांसाठी मधे एक जागा असते."

"ती जागा आता मानत नाहीत."

"म्हणजे कुठंच नाही?"

पाद्रीबाबा टोपी हातात फिरवत राहिले.

"निदान चर्चच्या आवारात तरी पुरू द्या."

"बाप्तिस्म्याविना नाही पुरता येत, पोरी. तो नियम जुनाच आहे."

घ्या! नव्या धर्मानं आमच्या मेणबत्त्या नेल्या, घंटा नेल्या, मेलेल्यांशी बोलायची वाट बंद केली. जे काही समाधान होतं ते सगळं उचलून नेलं आणि भीती तेवढी जशीच्या तशी आमच्याकडे ठेवून दिली. मला इतका संताप आला की मी पाद्रीबाबांना सफरचंदाच्या दारूचा, सायडरचा, पेलासुद्धा विचारला नाही, आणि आमच्या गावात दारी आलेल्याला सायडर न विचारणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

गॉवेननं गोठ्याच्या दारात खड्डा खणला. थॉमझिननं पोरीला आपल्या एप्रनमध्ये गुंडाळून ठेवलं. वर त्यानं ती शिळा पालथी घातली.

"पाचही क्रूस तिच्या अंगावर आहेत," तो म्हणाला. "आता तिला कुणी काही करू शकत नाही."

रोज सकाळी पहिली धार थॉमझिन उंबऱ्यावर ओतायची. मला ते आवडत नव्हतं. दूध वाया जातं म्हणून नव्हे. दूध तिथं राहायचं नाही म्हणून. दगडावरून ओघळून चिखलात जावं, तर तसंही नाही. पडलं की नाहीसं. शिवाय आमची ब्रिंडल गाय उंबऱ्यापाशी आली की तिची सडं आपोआप गळायला लागायची. आणि पोर जाऊन वर्ष उलटलं तरी कधी कधी पहाटे थॉमझिनचा झगा छातीवर ओला झालेला असायचा. त्यानंतर तिला दुसरं मूल काही झालं नाही.

मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. उंदीर पीत असतील, मी मनाशी म्हणाले, शिळेखाली पोकळी असेल म्हणाले. मग एकदा उजाडता उजाडता, थॉमझिन घरात असताना, मी गुडघे टेकून दगडाला कान लावला. खालून आवाज येत होता. रडण्याचा नाही. दूध ओढल्याचा. ओढायचं, मधेच दम घ्यायला थांबायचं आणि पुन्हा ओढायचं. मी आयुष्यात पुष्कळ पोरं पाजलेली पाहिली आहेत. तो आवाज मला कुणी शिकवायला नको होता. तेव्हापासून मी तो उंबरा ओलांडताना श्वास धरून ठेवायचे.

मग पोरगा राजा मेला आणि त्याची मोठी बहीण राणी झाली, जुन्या धर्माची. घंटा वाजल्या. लोकांनी पोटमाळ्यावरून, गवताच्या गंजीतून मूर्ती बाहेर काढल्या. थॉमझिननं जपमाळ पिठातून काढून गळ्यात घातली आणि रस्त्यात उभी राहून रडली. पाद्रीबाबांना बायको सोडायचा हुकूम झाला. पाद्रीणबाई बोचकं घेऊन भावाकडे गेल्या.

आणि मग चर्चचे कारभारी जॅस्पर पाद्रीबाबांना घेऊन आमच्या दारात आले.

"ईस्टरच्या आत वेदी जागेवर बसली पाहिजे, गॉवेन," जॅस्पर म्हणाले. "जुनीच हवी. तुझ्याकडे आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे."

गॉवेन काही बोलायच्या आत थॉमझिन उंबऱ्यापाशी गेली आणि आडवी उभी राहिली.

"मिळणार नाही."

"अगं थॉमझिन," जॅस्पर म्हणाले, "तू असं म्हणावंस? याच दिवसासाठी तू देवाला साकडं घालत होतीस ना?"

"घालत होते."

"मग?"

"खाली काय आहे ते पाद्रीबाबांना विचारा."

पाद्रीबाबांचा चेहरा उतरला. त्यांना पोर कुठं पुरली ते कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरज उरली नाही.

"पोरी, तिला दुसरीकडे ठेवता येईल. कुंपणाबाहेर, उत्तरेच्या बाजूला..."

"जिथं फासावर लटकलेले पुरतात तिथं?"

"मी काय करू गं?"

"दुधाला पाणी म्हणा," थॉमझिन म्हणाली. "एकदा म्हणा, तिला आवारात न्या आणि शिळा खुशाल उचला."

"माझ्या म्हणण्यानं दुधाचं पाणी होत नाही."

"का नाही होत? तुमच्या म्हणण्यानं भाकरीचा देवाचा देह व्हायचा. मग राजा म्हणाला, होत नाही, तर व्हायचा थांबला. आता राणी म्हणते होतो, तर पुन्हा व्हायला लागला. एवढं सगळं तुमच्या तोंडून होतं, आणि माझ्या ओंजळभर दुधाचं तेवढं अडतं? त्याला कुणाचं फर्मान लागतं ते सांगा, मी त्याच्या पायाशी जाते!"

पाद्रीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते शब्द काही उच्चारले नाहीत. मला त्यांची कीव आली आणि तेवढाच रागही.

"मी आणतो शिळा," गॉवेन म्हणाला. "पण माझा मी. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

ते दोघं गेले तेव्हा थॉमझिननं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या जागी मी असते तर घर सोडून गेले असते.

"तू पण?" ती म्हणाली. त्यानं चुना कालवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं पहार लावून शिळा उचलली. आमची माती आंबट, तिच्यात हाडं टिकत नाहीत. एप्रनचा मागमूस नव्हता. कवटीच्या अंड्याच्या कवचासारख्या पातळ कपच्या आणि बोटांएवढ्या दोन-तीन काड्या, सगळं मिळून मूठभर. थॉमझिन मांडी घालून खड्ड्यापाशी बसली होती. गॉवेननं शिळा सरळ केली, तिच्या कडेचा तो रिकामा खळगा पाण्यानं धुतला आणि थॉमझिनपुढे हात पसरला.

"दे," तो म्हणाला.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मला तिच्या आधी कळलं.

"गॉवेन, अरे, तिथं संत ठेवतात," मी म्हणाले.

"संताला त्यांनी फुंकून टाकलं, ताई. जागा रिकामी आहे."

थॉमझिननं एकेक कपची स्वतः उचलून आत ठेवली. त्यानं वर दगडी झाकण बसवून सांधा चुन्यानं लिंपला आणि अंगठ्यानं गुळगुळीत केला. मग तो थॉमझिनच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडला. माझ्या भावाला मी लहानपणानंतर तेव्हाच रडताना पाहिलं.

वेदी बसली. बिशपचा माणूस ती पुन्हा पवित्र करायला आला. त्यानं सांध्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "आत अवशेष आहेत?"

"आहेत," गॉवेन म्हणाला.

त्या माणसानं शिळेवर मंतरलेलं पाणी शिंपडलं. पाचही क्रूसांवर शिंपडलं आणि खळग्याच्या कडेवरही. मी थॉमझिनशेजारी गुडघ्यावर होते. तिचे ओठ हलत होते. ती बाप्तिस्म्याचे शब्द म्हणत होती. मेलेल्या पोरीला, दगडाआडून, ते पाणी लागू पडतं का? हे विचारायला मी कुणाकडे जाणार होते?

थॉमझिन सुखी झाली. रोज मिस्साला जायची आणि पाद्रीबाबा वेदीच्या कडेला ओठ टेकवायला वाकले की मान उंच करून बघायची. "बघितलंत वन्सं?" ती घरी येऊन म्हणायची. "आजही पापा घेतला तिचा." आमच्या गोठ्यातला आवाज बंद झाला होता. ब्रिंडल मुकाट आत-बाहेर करायची.

पण पाद्रीबाबा भाकर उंच धरायचे तेव्हा सगळं चर्च चिडीचूप व्हायचं, आणि त्या शांततेत मला वेदीकडून तोच आवाज ऐकू यायचा. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. धूप जळत असताना धारोष्ण दुधाचा वास यायचा. वेदीवरून ओठ उचलले की पाद्रीबाबा जिभेनं चाखायचे आणि घाईनं पुसायचे. वाइनमध्ये काहीतरी मिसळतोस म्हणून ते चर्चच्या गड्यावर दोनदा ओरडले.

ती राणीही गेली. त्याच हिवाळ्यात गॉवेन तापानं गेला. गादीवर धाकटी बहीण आली आणि पुन्हा लाकडी टेबलाचा हुकूम आला. पाद्रीबाबांनी तिसऱ्यांदा पाठ फिरवली. पाद्रीणबाई बोचकं घेऊन परत आल्या. शिळा वाचवायला आता विनोद करणारा कुणी नव्हता. बाहेरगावचे लोक घण घेऊन आले. थॉमझिन आत धावली, तर जॅस्पर आणि आणखी दोघांनी तिला दाराशी धरून ठेवलं. घणाचा प्रत्येक घाव तिच्या अंगावर पडल्यासारखी ती वाकत होती.

तुकडे ओढ्याकडच्या रस्त्यात भरले. आम्ही दोघींनी ते सगळे उलटेपालटे करून पाहिले. खळग्याचा तुकडा मिळाला नाही. मग थॉमझिन रोज सकाळी चरवी घेऊन निघायची आणि त्या रस्त्यावरच्या एकेका दगडावर थेंब थेंब दूध घालत जायची. दूध दगडांवर साचून राहायचं, आंबायचं, माश्या बसायच्या. पोरं तिला दूधवेडी म्हणून चिडवायची. मी दोघांना कानफटवलं. पण ती म्हणायची, "राहू द्या वन्सं. दूध उरतंय, म्हणजे ती इथं नाही." तिच्या छातीचा झगा पुन्हा भिजू लागला होता. ती झिजत चालली होती आणि मला घरात तिच्या पावलांशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पुढच्या वसंतात पाद्रीणबाईंचा निरोप आला की यांचा संधिवात बळावलाय, रोज दूध घालत जा. मी चरवी घेऊन गेले. पाद्रीबाबा अंगणात काठीवर भार देऊन उभे होते. फार थकले होते.

"ये विल्मट, आत ये," ते म्हणाले आणि दाराकडे वळले. चौकट दोन्ही हातांनी धरली, कण्हत कण्हत तो सुजलेला गुडघा पोटापर्यंत उचलला आणि उंबरा ओलांडला.

संधिवाताचा माणूस पाय घासत जातो. अशी ढांग टाकत नाही. ही ढांग आमच्या घरची होती.

मी खाली पाहिलं. उंबऱ्यात मधोमध एक फुटका दगड पालथा बसवलेला होता. त्याची एक कड जुनी, गुळगुळीत होती. मी चरवी तिथंच ठेवली आणि धावत जाऊन थॉमझिनला घेऊन आले.

ती उंबऱ्यासमोर उभी राहिली. पाद्रीबाबा आतल्या बाजूला.

"या तुकड्याचं झाकण निसटलं होतं," पाद्रीबाबा म्हणाले. "मला वाटलं संताचं काही असेल, निदान तेवढं तरी वाचवावं. झग्याखाली लपवून आणलं. घरी पाहिलं तर..." त्यांनी आपल्या करंगळीचं पेर दाखवलं. "एवढंसं हाड होतं, ते इथं खाली ठेवून वर हा तुकडा पालथा घातला. मी रोज तिथं ओठ टेकवत होतो, थॉमझिन."

"मी बघत होते," ती म्हणाली.

"तुला सांगायला यायचं रोज ठरवायचो. धीर झाला नाही. पहाटे आवाज येतो. आमच्या हिला येत नाही, मला येतो. तेव्हापासून रोज विहिरीचं ताजं पाणी आणून घालतो. नाव घेऊन, सगळे शब्द म्हणून. असं करता येत नाही, तरी करतो. रोज बाप्तिस्मा देतो तिला. तरी ती थांबत नाही गं. पाणी तसंच दगडावर राहतं."

थॉमझिननं चरवी उचलली.

"पाण्यानं कशी थांबेल?" ती म्हणाली. "भूक लागलीय तिला."

तिनं गुडघे टेकून दूध ओतलं. पाद्रीबाबाही कण्हत खाली बसले, पलीकडून त्यांनी दगडाला कान लावला, अलीकडून तिनं. मी चौकट धरून उभी होते आणि मला तिथूनही ऐकू येत होतं. चरवी रिकामी झाली तेव्हा दगड कोरडा होता, आणि पाद्रीबाबांनी मान वर करून आपल्या बायकोला आणखी दूध आणायला सांगितलं.